बाटलीतली ऊब

सकाळी हे एका मोज्यानिशी घरभर फिरत होते आणि मी पलंगाखाली दुसरा शोधत होते. तेवढ्यात दार वाजलं. इस्त्रीवाली होती.

जिन्याखालच्या खोलीत ती आणि तिचा नवरा आळीपाळीनं इस्त्री करतात. तिच्या मनगटावर भाजल्याचे डाग आहेत आणि जिभेला धार. "ताई, साहेबांच्या खिशात परत रुमाल! धुता की नुसतं भिजवता?" हा तिचा ठरलेला टोमणा. आज मात्र कपड्यांचा गठ्ठा तिनं मूल धरावं तसा छातीशी धरला होता.

"ताई, माझी पोर अजून वाढतेय."

तिची पोर जेमतेम आठवडाभर जगली होती, तीही दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत. तपासणीसाठी डॉक्टरांनी तिच्या कातडीचा कण घेतला होता.

"कोण म्हणालं तुला?"

"लॅबमधली बाई. रिपोर्ट आणायला गेले तर हसून म्हणाली, बाटलीत पेशी अजून छान वाढताहेत."

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकले, हे तिला ठाऊक होतं. आत येऊन तिनं ओट्यावर रिपोर्टातलं एक चित्र पसरलं. त्यात पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या जोडीजोडीनं मांडलेल्या होत्या.

"ही गुणसूत्रं. जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. शर्टाच्या बाह्यांसारखं."

तिचं बोट ओळीवरून सरकत अठराव्या जोडीशी थांबलं. "इथं तीन बाह्या आहेत."

"बीज तयार होताना जोडी सुटते, एकेकच पुढं जातं. कधी दोन्ही तशीच जातात."

"खळीनं चिकटल्यासारखी?"

"तशीच."

"माझ्यात चिकटली, की त्यांच्यात?"

"यावरून नाही कळत. आणि कुणाच्या करण्यानं होत नाही गं ते."

तिनं तिसऱ्या काडीवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "मग बाटलीत काय आहे?"

"कातडीच्या पेशी. दोन होण्याआधी पेशी सगळ्या गुणसूत्रांची नक्कल करते आणि दोघींना सारखा वाटा देते. ते तिसरंही इमानानं उतरतं. पण ते बाळ नव्हे. त्याला भूक नाही, दुखणं नाही."

"अंगाइतकं गरम ठेवतात म्हणे."

"हो."

ती आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. "लहान झबलं हाती आलं ना ताई, की ते आधीच गरम लागतं. इस्त्री फिरवायच्या आधीच."

आत हे मोज्यासाठी हाका मारत होते, मी ओ दिली नाही.

"कायमच्या वाढतात?"

"नाही. कधीतरी थकून थांबतात. पण तपासणी झाली, आता टाकूनच देतील."

तिनं चित्राची जुन्याच मोडीवर घडी घातली. "तिचा एवढाच फोटो आहे माझ्याकडे. ती गेली तेव्हा मी कपडे बदलायला घरी आले होते. नर्सच म्हणाली, जा, बरी आहे आता."

दाराशी जाऊन ती वळली.

"ताई, लॅबमध्ये एक फोन कराल? बाटली टाकायच्या दिवशी मला बोलवा म्हणावं. आत नाही येणार मी. दाराशी उभी राहीन."