लेटाच्या रायफलीचं काडतूस

हॅल्वर ब्रेक्केकडून रायफल करून घ्यायची तर आधी मृत्युपत्र करून ठेवावं, म्हणजे ती शेवटी कोणाच्या हाती पडणार हे तरी ठरलेलं असेल, असा एक विनोद आमच्या ऑल्डर फोर्कमध्ये वीस वर्षं चालत आला. तो पहिल्यांदा मीच केला होता, माझ्याच दुकानात, कॉफीच्या किटलीपाशी. हॅल्वरसुद्धा हसला होता. आता तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

माझं दुकान म्हणजे गुरांचं खाद्य, कुंपणाची तार, खिळे, हातमोजे आणि मागच्या भिंतीला काडतुसं. रस्त्यापलीकडे हॅल्वरची कार्यशाळा. उंच, पोक काढून चालणारा माणूस. साधे चार स्क्रू घ्यायला आला तरी एकेक स्क्रू उजेडात धरून बघायचा. मोंटानाभरातून लोक त्याच्याकडे रायफल करून घ्यायला येत, आणि तो त्यांना तीन-तीन, चार-चार वर्षं ताटकळत ठेवी. रायफलीच्या लाकडी दस्त्यासाठी आणलेल्या अक्रोडाच्या फळ्या तो पलंगाखाली वाळवायचा. "वर्ना, मी नवऱ्याशेजारी झोपत नाही, लाकडाच्या वखारीवर झोपते," असं त्याची बायको लेटा मला सांगायची.

लेटा शाळेची बस चालवायची. बुटकी, खणखणीत आवाजाची, हसली की दुकानातल्या बरण्या वाजाव्यात अशी. डोंगराच्या पायथ्याच्या रँचवर वाढलेली. दर शरदात ती बापाची जुनी आखूड पल्ल्याची रायफल घेऊन जाई आणि हिवाळ्याचं मांस घरी आणी. नवरा जगाला रायफली करून देतो आणि हिच्या हातात बापाचं खटारं. लग्नाच्या दिवशी, एकसष्ट साली, हॅल्वरने तिला वचन दिलं होतं की तुझी रायफल मी करीन. ते वचन पलंगाखालच्या फळ्यांसारखं वाळत पडलं होतं.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये एके दिवशी ती दुकानात धावत आली, हातात सरकारी लिफाफा.

"वर्ना! लागला! नंबर लागला!"

"कसला नंबर?"

"सोडतीत, गाढवे! मेंढ्याच्या सोडतीत!"

मोठ्या शिंगांचा रानमेंढा मारायचा परवाना आमच्याकडे सोडतीने मिळतो. आमच्या भागाला त्या वर्षी सहाच होते. लेटाने तेवीस वर्षं अर्ज भरला होता. ज्याच्या नावाने परवाना निघतो त्यानेच जायचं; दुसऱ्याला देता येत नाही, पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. माझे हात धरून ती गल्ल्यापुढे नाचली, आणि मीही नाचले, या वयात.

हॅल्वर आला, पत्र दोनदा वाचलं, नीट घडी घातली. "आता तुझी रायफल करायला हवी."

"आता? सव्वीस वर्षांपूर्वी म्हणाला होतास!"

"तेव्हा मेंढा कुठे होता?"

"मेंढा नव्हता, पण बायको होती ना?"

कामाला मात्र तो लगेच लागला. नळी आणली, पलंगाखालची सगळ्यात सुंदर फळी काढली. आणि मग अडलं ते काडतुसावर. सात मिलिमीटरच्या नळीसाठी तीन जातींच्या काडतुसांतलं कुठलंही एक निवडता येतं. आमचे लोक त्यांना 'सत्तावन्न', 'आठ' आणि 'दोनशेऐंशी' म्हणतात. गोळी तिन्हींची एकाच जाडीची, फरक मागच्या पितळी भागाच्या लांबीत. दोनशेऐंशी सगळ्यात जोरकस, पण खांद्याला धक्काही जास्त. सत्तावन्न जुनं आणि मऊ. आठ त्या दोघांच्या मधलं. मेंढ्याला तिन्हींतलं कुठलंही लागलं तरी तो मेंढा मरणार. पण नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाचं घर कोरावं लागतं, आणि ते कोणत्या मापाचं हे आधी ठरवावं लागतं. एकदा कोरलेलं लोखंड परत भरता येत नाही. माझ्या कॉफीच्या किटलीपाशी पुरुषांनी या विषयावर जितकी तोंडं वाजवली आहेत तितकी आपापल्या बायकांशी जन्मात वाजवली नसतील.

जुलैत लेटाची पाठ दुखायला लागली. बसच्या सीटला शिव्या घालून झाल्या, मग ग्रेट फॉल्सच्या इस्पितळात तपासणी झाली. स्वादुपिंडाचा कर्करोग. तिथून परतताना ती घरी न जाता आधी माझ्याकडे आली आणि खाद्याच्या पोत्यावर बसली.

"डॉक्टर नाताळपर्यंत म्हणतो," ती म्हणाली. "मोसम पंधरा सप्टेंबरला उघडतो. म्हणजे जमतंय."

मी काउंटरच्या मागे वाकून काहीतरी शोधायचं नाटक केलं, कारण मला रडू आवरत नव्हतं.

सात ऑगस्टला ती पुन्हा आली. तिचे कपडे तोवर ढगळ झाले होते. मागच्या भिंतीकडे बोट करून म्हणाली, "सत्तावन्नचा एक डबा दे. आठचा एक. दोनशेऐंशीचा एक."

"तिन्ही? ठरलं नाही का अजून त्याचं?"

"नाही. रोज वही घेऊन बसतो. माझं वजन किती, धक्का किती, तीनशे यार्डांवर गोळी किती खाली येते. काल मला म्हणाला, लेटा, जरा दीर्घ श्वास घे, खांदा मोजायचाय."

"मग तूच सांग ना एक काहीतरी! तुला कुठलं हवंय?"

"मला काय, कुठलंही चालेल." तिने डबे पिशवीत घातले. "त्याचं जे ठरेल ते माझ्याकडे तयार असेल. पण तू त्याला यातलं काही सांगायचं नाहीस. शपथ घे."

"का?"

"अगं, सव्वीस वर्षं हा माणूस लोकांच्या खांद्यांचा विचार करत आलाय. आज पहिल्यांदा माझ्या खांद्याचा करतोय. करू दे की."

मी शपथ घेतली. मैत्रिणीची शपथ मोडू नये असं मला तेव्हा वाटत होतं.

सप्टेंबर उजाडला. पंधरा तारीख आली आणि गेली. लेटाने बस सोडली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण लावून ती डोंगराच्या उतारावरचे मेंढे बघत बसायची. "आज सात आहेत. एकाचं शिंग पूर्ण वळलंय." मी घरी भाजलेला रुबार्बचा केक घेऊन जायची, ती एक घास खायची, तोही माझ्यासाठी. मी तिला माझी रायफल देऊ केली, घोडा देऊ केला, वर धरून नेते म्हणाले. ती ऐकेना.

"मी माझीच घेऊन जाणार, वर्ना. आता दुसऱ्याची नेली तर त्याचं काय होईल, सांग."

त्याच आठवड्यात मी कार्यशाळेत डोकावले तर तयार दस्ता कोपऱ्यात फेकलेला आणि हॅल्वर नवीन फळी तासत बसलेला. माझं टाळकं सणकलं.

"हे काय चाललंय? तो काय वाईट होता?"

"जुलैच्या मापाचा आहे तो," मान वर न करता तो म्हणाला. "तिचा गाल बसलाय. गाल बसला की डोळा खाली येतो. जुन्या दस्त्यावर तिला नेमच दिसायचा नाही. लाकूड काढता येतं, चढवता येत नाही."

"आणि काडतूस?"

त्याने वही पुढे केली. एका रकान्यात लेटाचं वजन, आठवड्या-आठवड्याने. शेजारी तीन काडतुसांचे आकडे. "जुलैत दोनशेऐंशी बरोबर होतं. घर कोरायचं त्या मापाचं रीमर मागवलं, ते येईपर्यंत ती नऊ पौंडांनी उतरली. मग आठ बरोबर वाटलं. आता आठसुद्धा तिला झेपेल की नाही..."

"हॅल्वर, मूर्खा, तुझी रायफल होईतो ती उरणार नाही! गालाची कसली मापं घेतोस? कुठलंही एक कोर आणि तिला घोड्यावर बसव!"

त्याने रंधा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, आणि मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले.

"तिच्या खांद्याचं हाड मोडलं तर?" तो म्हणाला. "माझ्या हातच्या रायफलीने?"

तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. तिन्ही डबे तिच्या पिशवीत आहेत, बाबा, ती नुसती तुझी वाट बघतेय. एवढं वाक्य. पण मी शपथेला चिकटून बसले आणि दार आपटून निघून आले. माणसाला आपल्या खरेपणाची केवढी ऐट असते.

एकोणीस ऑक्टोबरला सकाळी दुकान उघडताच तो आला. दाढी वाढलेली, चेहऱ्यावर मात्र उजेड. "ठरलं. सत्तावन्न. एक डबा दे."

भिंतीवर सत्तावन्नचे चार डबे होते, आणि पाचवा लेटाच्या पिशवीत. मी म्हणाले, "घर तर कोर आधी. डबा मी संध्याकाळी आणून देते."

त्याने त्या दिवशी घर कोरलं. संध्याकाळी मी गेले तेव्हा लेटाचा पलंग खिडकीपाशी हलवलेला होता. हॅल्वरने रायफल तिच्या मांडीवर ठेवली. ती किती सुंदर होती हे मी सांगायला जात नाही. लेटाने दस्त्यावरून हात फिरवला, अगदी घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. तिला ती उचलता येईना. मग हॅल्वर गुडघ्यांवर बसला, पुढून नळी त्याने आपल्या हातांवर पेलली, आणि तिने दस्ता खांद्याला लावून गाल टेकवला. खिडकीबाहेर डोंगर होता. वर बर्फ पडलं होतं.

"बसते," ती म्हणाली. "हॅल, अगदी बसते रे."

"धक्का लागणार नाही तुला. हिशोब केलाय."

"माहीत आहे मला."

माझ्या कोटाच्या खिशातला डबा मी बाहेर काढलाच नाही. आता हॅल्वर तो मागणार नव्हता आणि लेटाला तो लागणार नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी, तो चुलीत लाकडं घालायला उठला तेवढ्यात, लेटा गेली.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात बायकांनी हॅमची सँडविचं आणि बटाटे केले. पुरुष कॉफीचे कप धरून भिंतीला टेकले होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्यातल्या कोणाला काडतुसाविषयी काही म्हणायचं नव्हतं.

मोसम संपल्यावर, डिसेंबरात, हॅल्वर दुकानात आला. लेटाची शिकारीची पिशवी त्याच्या खांद्याला होती. त्याने तीन डबे काढून काउंटरवर एका ओळीत ठेवले.

"हे तू विकलेस?"

"हो."

"कधी?"

खोटं बोलावं असं मनात आलं. "सात ऑगस्टला."

तो डब्यांकडे बघत राहिला. मोसम उघडायच्या आधीचा सव्वा महिना, आणि उघडल्यानंतरचा. ऑगस्टात ती अजून घोड्यावर बसत होती. सप्टेंबरातही बसली असती, कोणी धरून बसवली असती तर. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकताना मी बघितलं.

"म्हणजे तिला कुठलंही चाललं असतं."

"चाललं असतं, हॅल्वर."

"मग ती बोलली का नाही?"

लेटाचं वाक्य मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. सव्वीस वर्षं लोकांच्या खांद्यांचा, आज पहिल्यांदा माझ्या. करू दे की. त्याने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. मी पलीकडून त्याचे हात धरले आणि म्हणाले, मी सांगायला हवं होतं, मला माफ कर. त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मी त्याला आजतागायत विचारलेलं नाही. डबे तो तिथेच ठेवून गेला.

पुढच्या वसंतात ग्रेट फॉल्सचा एक दंतवैद्य आला. चार वर्षं हॅल्वरच्या यादीत ताटकळलेला माणूस. कागदांचं भेंडोळं घेऊन, तासभर वाद घालायच्या तयारीने तो कार्यशाळेत गेला आणि दहा मिनिटांत माझ्याकडे कॉफीला आला. जरा हिरमुसलेला दिसत होता.

"काय झालं? कुठलं काडतूस ठरलं?" मी विचारलं.

"मी विचारलं, दोनशेऐंशी घेऊ की आठ की सत्तावन्न? तर म्हणाला, कुठलंही घ्या. मग मला विचारायला लागला, बायकोला बरोबर नेता का शिकारीला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मुलं मोठी झाली की नेईन. तर त्याने माझे कागद बाजूला केले आणि म्हणाला, तिला शनिवारी घेऊन या, मी आधी तिची रायफल करतो."