रामटेकला गुळाची तुला

लहान पोरांना घेऊन सणासुदीत फिरावं की नाही, असं मला हल्ली नात्यातल्या लेकी-सुना विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं. जरूर फिरा, पण सोबत उकळलेलं पाणी, भरपूर लंगोट आणि जाड कातडी घ्या. पाणी आणि लंगोट पोरांसाठी, कातडी तुमच्यासाठी. हे शहाणपण मला एकाच वर्षी, दसऱ्यापासून कार्तिकापर्यंतच्या धावपळीत आलं. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. नागपुरात महाल भागात आमच्या दोन खोल्या होत्या. राजू पाच वर्षांचा आणि धाकटी मंदी दीड वर्षाची.

सुरुवात झाली एका निरोपाने. आमचं गाव काटोलकडे. तिथला एक माणूस संत्र्यांची टोपली घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाईनं सांगतलं, दिवाळी झाली का सगळ्यायनं रामटेकले जायचं. नवस हाय. गुळाची तुला करायची हाय."

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, म्हणून आम्हीही. आणि तुला म्हणजे काय ते नव्या मंडळींसाठी सांगते. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात माणूस बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या भारंभार गूळ घालायचा आणि तो गूळ सगळ्यांना वाटायचा. मंदी सातव्या महिन्यात झालेली. जन्मली तेव्हा तिला कापसात गुंडाळून ठेवली होती. मीही तेव्हा बरेच दिवस दवाखान्यात पडून होते, पण त्यातलं मला धड काही आठवत नाही. त्यामुळे नवस कोणासाठी, हे विचारायची गरजच वाटली नाही. पोरगी जगली, आता गूळ वाटायचा, सरळ हिशोब.

आनंद व्हायचा सोडून मला काळजीच लागली. मंदी किडकिडीत होती. खायला बसवली की तोंड फिरवायची आणि मी वाटी घेऊन तिच्यामागे फिरायची. डॉक्टर म्हणायचे, काही आजार नाही, अंगकाठीच तशी. पण डॉक्टरांचं म्हणणं आणि नातेवाइकांचं बघणं यात फरक असतो. आता सगळ्या भाऊबंदांसमोर तिला तराजूत घालणार! हातच्या काकणाला आरसा कशाला, मी, म्हणजे सुमनने, पोरीला कसं वाढवलंय ते सगळ्यांना दिसणारच होतं. आणि खरं सांगायचं तर मला लोकांपेक्षा त्या तराजूचीच जास्त भीती होती. पोरगी खरंच खंगत चालली असेल तर तो ते सांगून टाकणार होता.

दसऱ्याला गावी गेलो. काटोलपर्यंत एसटी, पुढे बैलबंडी. बंडीत खाली कडबा आणि वर सतरंजी घातली तर पोरं छान झोपतात. संध्याकाळी सोनं वाटायला घरोघर गेलो आणि प्रत्येक घरच्या बाईने आपट्याचं पान घ्यायच्या आधी मंदीला उचललं.

"माय वं! कापूस उचलल्यावानी लागते पोरगी!" ही जाऊबाई.

"काहून वं सुमन, दूध आटलं का तुहं?" ही शेजारची म्हातारी.

मी हसून घेत होते. बाई यात काहीच बोलत नव्हत्या. जेवायला बसलं की माझ्या ताटाकडे बघायच्या आणि न विचारता आणखी एक पुरणपोळी टाकायच्या. मला वाटायचं, हा टोमणा आहे. आई एवढी हादडते आणि पोरगी अशी! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्यात विहिरीचं पाणी मंदीला बाधलं आणि परत निघेपर्यंत तिचं पोट बिघडलेलंच राहिलं. गावाकडे जाल तर कोणी कितीही हसो, पाणी उकळूनच पाजा. माझं तिथेच चुकलं, कारण सगळ्यांसमोर पाणी उकळायला मागायची मला लाज वाटली.

कोजागिरीला नणंदेकडे बुटीबोरीला. तेव्हा बुटीबोरी म्हणजे वर्धा रोडवरचं साधं गाव होतं. कारखाने-बिरखाने सगळे मागाहून आले. अंगणात चांदण्यात दूध आटवलं, राजूने पेल्यावर पेले रिचवले आणि मंदीला सकाळी खोकला लागला. नणंद बिचारी हळद-मध चाटवत म्हणाली, "वहिनी, रामटेकपावतर होईल चांगली. तू नको घाबरू." म्हणजे तिच्याही डोक्यात तेच होतं. मला रडूच आलं.

दिवाळी माहेरी, भंडाऱ्याला. हा त्या सगळ्या फिरण्यातला एकमेव सुखाचा टप्पा. भंडाऱ्याकडे त्या दिवसांत तळ्यांतले शिंगाडे निघतात. उकडलेले, वरून काळे आणि आतून पांढरेशुभ्र. रस्त्यावर पाटीत मिळतात, नक्की खा. माझ्या आईने शिंगाडा कुस्करून, त्यात तूप-साखर घालून मंदीला भरवला आणि काय सांगू, पोरीने वाटी चाटूनपुसून खाल्ली! भाऊबीजेपर्यंत तिच्या गालांवर थोडी गोलाई आली. मी रोज सकाळी तिला उचलून अंदाज घ्यायची. आई वैतागली.

"अवं, पोरगी हाय का भोपळा? किती वेळा उचलून पाहशीन?"

आणि परतीच्या एसटीत तिचं अंग तापलं. मौद्याच्या आसपास मला कळलं. खिडकीशी बसवल्याने असेल, गर्दीने असेल, देव जाणे. दोन दिवस ताप चढत-उतरत राहिला आणि आईने चढवलेलं सगळं उतरलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साधा ताप आहे, उतरला की खुशाल जा. मला मात्र जायचंच नव्हतं.

"पुढच्या वर्षी करू ना तुला," मी ह्यांना म्हटलं. "पोरगी जरा भरू दे अंगानं."

"नवस का भाजीची उधारी हाय, पुढं ढकलाले? आन् तू काहून एवढी फिकर करून राहिली? डॉक्टर हो म्हणाले न?"

"तुम्हाला काय, तुम्हाला कोण विचारणार आहे!"

यावर त्यांनी पेपर उघडला. नवऱ्यांना अशा वेळी पेपर वाचता येतो, हा त्यांचा मोठा गुण.

ताप उतरला आणि आम्ही निघालो. मुद्दाम त्रिपुरी पौर्णिमेच्या आधीचा दिवस धरला होता, कारण यात्रेच्या गर्दीत लहान पोरांना घेऊन गडावर जाणं म्हणजे विकतचं दुखणं. तुम्हीही तेच करा. तेव्हा कामठी, कन्हान, मनसर करत एसटी रमतगमत जायची. आता चौपदरी रस्त्याने तासाभरात पोचता, गाडीही गडावर जवळपास पोचते. मनसरपुढे दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान उभं होतं. राजू खिडकीतून ओरडत होता आणि मी मंदीच्या कपाळाला हात लावून बसले होते. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "ताई, नाही हो ताप तिले. तुमचाच हात गरम हाय."

आता माझी करामत ऐका. मंदीच्या अंगात मी एकावर एक दोन स्वेटर घातले होते, पायात चांदीचे जाड वाळे आणि डोक्याला कानटोपी. लोकांना वाटावं थंडीसाठी. कार्तिकातलं आमच्याकडचं दुपारचं ऊन ज्यांना माहीत आहे, त्यांनी हसावं.

गावची मंडळी आदल्या दिवशीच येऊन धर्मशाळेत उतरली होती. गडाखाली झाडाच्या सावलीत गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजायला टाकले होते, एकीकडे वांग्याची भाजी रटरटत होती. आम्ही आधी पायऱ्या चढून दर्शन घेतलं. वर वानरं फार, प्रसादाची पुडी हातात उघडी ठेवू नका. राजूचे फुटाणे एकाने इतक्या शिस्तीत काढून घेतले की तो रडायचंही विसरला. मला देवापुढे काय मागावं तेच सुचेना. "वजन भरू दे" असं रामाला सांगायचं कसं?

खाली आलो तर झाडाखाली तीन लाकडी बल्ल्या बांधून धान्याच्या व्यापाऱ्याकडचा मोठा काटा टांगला होता. त्याच्या पारड्यात ज्वारीचं पोतं आरामात बसावं. आणि शेजारी गुळाच्या भेल्या रचलेल्या, ही एवढी रास! माझं धाबं दणाणलं. एवढ्या गुळापुढे माझी चिमणी किती दिसणार? एक भेली टाकली की वर उडणार ती!

बाई पुढे आल्या. त्यांनी मंदीला माझ्याकडून घेतलं आणि पहिलं काम काय केलं, तर टोपी काढली. मग एक स्वेटर. मग दुसरा.

"घामानं भिजून राहिली पोरगी. उकडून मारतं का तिले?"

जमलेल्या बायका हसल्या. माझी मान खाली गेली. पूजा सांगायला आलेले गुरुजी म्हणाले, "चला, बसवा कन्येला." बाईंनी तिला पारड्यात ठेवलं. पारडं हललं आणि मंदीने जी किंकाळी फोडली, ती गडावर ऐकू गेली असेल. दोन्ही हात पुढे करून ती माझ्याकडे झेपावली. मी धावले, उचललं, तर माझ्या मानेला अशी चिकटली की सुटेना. गुरुजी म्हणत होते, खेळणं द्या, फुटाणे द्या. जाऊबाई तिचे हात सोडवायला लागली. मला वाटलं, आता मीच खाली बसून गळा काढणार.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सोडवता काहून? तशीच बसू द्या."

"कशी?" गुरुजींना कळेना.

"मायसंग. दोघीले बसवा. नवस दोघीचाच हाय."

मी म्हटलं, "बाई, माझा कसला नवस?"

बाईंनी पदर खोचला आणि एखाद्या मूर्ख पोरीला समजवावं तशा मला म्हणाल्या, "त्या दिवशी डॉक्टरीण बाहीर आली, म्हणे दोघीपैकी एकीचं बी सांगता येत नाही. तवा म्या रामाले बोलली, माह्या दोघीले घरी येऊ दे, भारंभार गूळ वाटतो. पोरीले तर म्या पाहिलं बी नव्हतं. तिच्या एकटीसाठी का बोलणार होती? म्या तुले ओळखत होती. बस आता, ऊन चढून राहिलं."

मी बसले. मांडी घालून, मंदीला उराशी धरून, गावच्या ज्वारीच्या पोत्यासारखी. बाई स्वतः एकेक भेली उचलून समोरच्या पारड्यात ठेवत होत्या, कोणाला हात लावू देत नव्हत्या. किती लागल्या, मी बघितलं नाही. डोळ्यांतल्या पाण्यात मला काही दिसतच नव्हतं. एका क्षणी आमचं पारडं जमिनीवरून सुटलं, मंदी रडायची थांबली आणि आम्ही दोघी हलकेच झुलायला लागलो. बंदिस्त खोलीत महिनाभर कोंडून ठेवलेल्या माणसाला कोणी हात धरून अंगणात आणावं, तसं मला झालं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून रडले. बायका म्हणाल्या, चक्कर आली असेल.

मग रोडगे कुस्करून, वर तूप आणि वांग्याची भाजी. मी किती खाल्लं ते विचारू नका. शेवटी भेल्या फोडून यात्रेकरूंना, भिकाऱ्यांना, पानवाल्याला, सगळ्यांना गूळ वाटला. रामटेकचं पान प्रसिद्ध आहे, जेवणानंतर तेही खाऊन घ्या.

संध्याकाळच्या एसटीने नागपूरला परतलो. दारातच शेजारच्या काकू भेटल्या. त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला, मंदीच्या गालाला हात लावला आणि विचारलं, "मग? किती भरली पोरगी?"

मी कुलूप काढता काढता थांबले. दसऱ्यापासून ज्या एका गोष्टीने मला झोपू दिलं नव्हतं, ती मला अजूनही माहीत नव्हती.

"काय माहीत हो," मी म्हटलं. "तिला एकटीला कोणी तोललंच नाही."