मोहिद्दीनची ईद

मोहिद्दीन आमच्या रत्नागिरीचा, मुंबई-दुबई लाँचवरचा खलाशी. किनारा आधी त्याला दिसायचा, मग दुर्बिणीला. ईदच्या चंद्राला दोन साक्षीदार लागतात. लाँचचा नाखवा बदरुद्दीन म्हणायचा, मोहिद्दीनचे दोन डोळे हेच आमचे दोन साक्षीदार.

त्या वर्षी रमजानच्या तोंडावर दुबईच्या खाडीत माल उतरवताना वासा सुटून त्याच्या कपाळावर आदळला. दोनच दिवसांत डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले. बर दुबई भागातल्या आमच्या खोलीत हकीम उदंड. कुणी उन्हाला दोष दिला, कुणी सुरम्याला, कुणी पित्ताला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. नाखवा म्हणाला, भरती चुकेल. लाँच मुंबईला गेली.

दुबईला परतताना एकोणतिसाव्या रोजाला संध्याकाळी, भर समुद्रात, मोहिद्दीनला पश्चिमेला उजेडाची बारीक कोर दिसली. बाकी कुणाला काही दिसलं नाही; पण सांगणारा मोहिद्दीन होता. सकाळी शीरखुर्मा झाला. नवे कपडे घालून, अत्तर लावून मंडळी दुबईच्या धक्क्यावर उतरली आणि ‘ईद मुबारक’ म्हणत गळाभेटीला धावली. धक्क्यावरचे सगळे अजून रोजात होते; तिथं चंद्र कुणालाच दिसला नव्हता.

त्यानंतर जे झालं त्याची मला आजही चीड येते. नाखव्यानं सगळ्या जमातीसमोर त्याला खोटारडा ठरवलं. जेवताना कुणी त्याच्याजवळ बसेना. डोळ्यात अधूनमधून वीज चमकते, हे तो आता कुणालाच सांगेना. सांगितलं तर सबब वाटली असती.

अखेर डोळ्यात एका बाजूनं काळोख चढू लागला, तेव्हा मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ठिपके वयानंही येतात, बहुधा त्रास देत नाहीत. साखरेनं, रक्तदाबानंही येतात. पण मार लागल्यावर एकाएकी आले आणि वीज चमकू लागली, तर आतला पडदा फाटतोय असं समजावं. त्याच दिवशी यायला हवं होतं.

“ये आँख खलास,” ते म्हणाले.

म्हणजे ती कोर त्याला खरंच दिसली होती, फक्त आकाशात नव्हती. मी हे जमातीत सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या, माफी कुणीच मागितली नाही.

पुढल्या रमजानच्या अखेरीला मंडळी ईदचा चंद्र बघायला गच्चीवर जमली. नाखव्यानं हसत हाक मारली, “काय मोहिद्दीन, दिसतो का?”

“दोन साक्षीदार लागतात, नाखवा,” मोहिद्दीन म्हणाला. “माझा एक तुमच्या भरतीबरोबर गेला.”

चंद्र त्या संध्याकाळी स्वच्छ दिसला. मोहिद्दीननं मान वर केली नाही.