चौकात घेतलेला दुखवटा

सोमवार, अकोला. आज माझ्या पत्नीची तेरवी झाली. आलेल्या सर्वांचे आभार.

आमच्या मुलीचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. निकाल लागेपर्यंत जावयाने आमच्या घरी येऊ नये, तिच्याशी बोलू नये, असा कोर्टाचा तात्पुरता आदेश आहे. तो तिनेच मागितला, आणि तसं कारणही होतं.

आमच्याकडे तेरवीला जावई सासऱ्याला दुखवट्याची टोपी घालतो. पंगत बसली तेव्हा त्याचा मला फोन आला.

"मामाजी, अमरावतीवरून आलो. चौकात उभा हावो, पुढे येत नाही. टोपी आणली."

मी घरात सांगितलं तसा माझा भाऊ म्हणाला, "आता कायदा पाळते! तवा काहून नाही सुचलं?"

मुलगी वाढता वाढता थांबली. "बाबा, तुमी जा. आदेश माह्यासाठी हाय. मले त्याचं तोंड पाहायचं नाही, पण आईनं त्याले जीव लावला होता."

मी गेलो. त्याने टोपी घातली, पाया पडला आणि मुलीबद्दल काहीही न विचारता निघून गेला.

टोपी पाहून भाऊ न जेवताच उठला. तुम्ही गेला असता का?

पाहुणे गेले. मुलगी झोपली आहे. नळ आले आहेत, ड्रम भरून घेतो.