खाटबाईंची सहा फुटी खाट

नकाशा बंगल्याचा असो, दवाखान्याचा असो की पळस्प्याच्या एखाद्या गोडाऊनचा, आमच्या खाटबाई त्यात आधी एक खाट टाकायच्या. कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः काढून ठेवलेली, सहा फूट बाय तीन फूट, उशीसकट. खाट नीट दिसली तर नकाशाचं स्केल बरोबर, नाहीतर नकाशा आल्या पावली परत. पनवेलमधल्या आमच्या आर्किटेक्ट सरांच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्यांमध्ये त्या सर्वांत जुन्या. तोंडावर आम्ही 'बाई' म्हणायचो, पाठीमागे 'खाटबाई', आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आमच्याकडे कोणाचा नकाशा फुटांत येई, कोणाचा मिलिमीटरमध्ये. एकदा एका इंजिनिअरने पाठवलेल्या हॉलमध्ये बाईंनी खाट टाकली, तर ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसली. बाईंनी लगेच फोन लावला. "भाऊ, तुमच्या हॉलमध्ये विमान उतरेल. पण विमानतळाचं काम उलव्याला चालूच आहे, तुम्ही कशाला त्रास घेता?"

सर उगाच ओरडले की बाईंची खाट नकाशातल्या संडासात जाई, वर सरांच्या नावासकट. एकदा ती तशीच छापून गिऱ्हाइकाच्या हाती पडली. सरांनी आठवडाभर अबोला धरला. बाई म्हणाल्या, असा आठवडा महिन्यातून एकदा तरी मिळावा.

अशा बाईंची खाटेनेच फजिती केली. उलव्याच्या एका कुटुंबाला जुनं घर पाडून बंगला बांधायचा होता. घरातल्या आजी काही केल्या तयार होईनात. शेवटी एका अटीवर कबूल झाल्या, की त्यांची खोली होती तेवढीच हवी. घर पाडून झाल्यावर मुलांनी जुन्या नकाशाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. त्यावरचा एकही आकडा वाचता येत नव्हता, पण आजींच्या खोलीत खाट काढलेली होती. बाई खूश. 'ही खाट सहा फूट' असं त्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं आणि त्या मापाने खोली बसवली.

जागेवर चुन्याने भिंती आखल्या तेव्हा आजी आपल्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "ही माजी खोली नाय."

मुलं हसली. सरांनी समजावलं, की चुन्यात आखल्यावर सगळ्याच खोल्या लहान दिसतात. ते खरंही आहे. पण आजी रडवेल्या झाल्या होत्या आणि बाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आजींची खाट आणा."

सामान हलवलेल्या शेडमधून चौघांनी खाट आणली. आजींच्या नवऱ्याने जुन्या होडीच्या लाकडाची केलेली. माणूस ताडमाड उंच, म्हणून खाटही तशीच. ती चौकोनात मावेना, तिचे दोन पाय हॉलमध्ये गेले. बाईंनी कपाळाला हात लावला. "चूक माझी. नकाशात यांची खाट होती, मी माझी सहा फुटी धरली."

आता खोली वाढवायची म्हणजे हॉल कमी करायचा. थोरला मुलगा अडून बसला. "हॉल नाय कमी होनार. पोरीची हलद हाय."

आजी सरळ जाऊन खाटेवर आडव्या झाल्या. बाईंनी चपला काढल्या, त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "आता आमच्याभोवती आखा." भर उन्हात दोघी डोळे मिटून पडलेल्या. अखेर थोरल्यानेच चुन्याचं घमेलं उचललं.

पुढे बाई निवृत्त होऊन पुण्याला मुलाच्या फ्लॅटवर गेल्या. त्यांच्याशिवाय ऑफिसात मन रमेना. मी फोन करून विचारलं, घर कसं आहे?

"छान आहे गं. मी हॉलमध्ये झोपते, सोफ्यावर. माझी खाट कुठल्याच खोलीत बसली नाही." आणि हसल्या. मला मात्र फार वाईट वाटलं.

उलव्याला कामाला गेले तेव्हा हे आजींना सांगितलं. त्या नव्या बंगल्यातल्या आपल्या खोलीत खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"मंग? माजी खोली केवरी मोटी हाय," त्या म्हणाल्या. "घेऊन ये तिला."

बाई आजींकडे दोन दिवसांसाठी म्हणून आल्या, त्याला आता महिना होईल. काल त्यांच्या मुलाचा फोन आला, आई परत कधी येणार म्हणून. मी म्हटलं, विचारून सांगते.

अजून विचारलेलं नाही.