साबण लावलेली पट्टी
माझी नोकरी वाचवली ती तेलगावात फुटकी भांडी नीट करणाऱ्या मावशींनी. जळक्या साबणाचा वास आला की आजही त्याच आठवतात. त्या दुष्काळी साली आमच्या वर्कशॉपला दूध संस्थेसाठी कॅन ठेवायची मांडणी करायची होती, गंज नको म्हणून अ‍ॅल्युमिनियमची. मी सातवीत शाळा सोडून खानदेशातून आलेला. जितकी कडक तितकी मजबूत समजून पट्टी मीच निवडली, आणि कोपऱ्यात वाकवताना दोन पट्ट्या तडकल्या. मालक म्हणाले, "आता मोडली तर गावाकडची यष्टी धर." शेवटची पट्टी मी व्हाइसच्या पकडीत आवळत होतो. शेजारच्या दुकानातून मावशी म्हणाल्या, "आरं लेकरा, न तापवताच वाकवतो व्हय? साबण घास अन् जाळ दे. साबण काळा पडला की मऊ झाली समज." मी विचारलं, "मग पाण्यात बुडवू?" "प्यायला न्हाई, अन् तुझ्या पट्टीला आंघोळ? ऱ्हाऊ दे, हुईल आपसूक गार. गार झाली तरी मऊच ऱ्हाती." साबण काळा पडेपर्यंत तापवली, गार झाल्यावर वाकवली, तर ती मुकाट वळली. मावशींच्या दुकानाला तेव्हा दाराऐवजी गोणपाटाचा पडदा होता, अजूनही आहे. आता मला दारं करता येतात. त्यातलं एक मी स्वतः जाऊन त्यांना बसवून देणार आहे.