हरिदासभाऊंची गाठ

आमच्या नवा रायपुरातल्या कॉलनीत माणसांपेक्षा गवत जास्त आहे. रस्ते रुंद, घरं विरळ, आणि मधल्या मोकळ्या जागेत श्रावणापासून गवत गुडघ्याच्या वर जातं. ते कापायची मशीन दोन मोठ्या चाकांवर उभी असते, मागून दांडा धरून ढकलायची. तिला पातं नाही. खाली प्लास्टिकची जाड दोरी गरगर फिरते आणि गवत सपासप आडवं होतं. बोट मध्ये आलं तर तेही जाईल.

ही मशीन सांभाळायला हरिदासभाऊ जुन्या रायपुरातल्या गुढियारीहून बसने येतात. सोबत त्यांच्या पत्नी मायाबाई असतात, त्या फुलझाडांचं बघतात. भाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात वॅगनी दुरुस्त करण्यात झाली. वॅगनखाली शिरणाऱ्याने बाहेर लाल झेंडी लावायची, आणि ज्याने लावली त्यानेच काढायची, ही तिथली रीत त्यांच्या अंगात मुरली आहे. गवताच्या मशीनला झेंडी कुठली लावणार? त्यांनी आपला उपाय काढला. मशीन बंद करायची, पेट्रोलचा कॉक फिरवायचा, इंजिन निवेपर्यंत माझ्याकडचा चहा घ्यायचा. मग पान्ह्याने इंजिनाला ठिणगी देणारा प्लग काढायचा, लाल चिंधीत बांधून वर कारखान्यात शिकलेली एक घट्ट गाठ मारायची आणि शर्टाच्या खिशात ठेवायचा. त्यानंतरच हात खाली.

"प्लग खिशात असला का मशीन नुसतं लोखंड हाय, बाई," ते मला म्हणाले होते. "आत असला का जनावर."

गेल्या वर्षापासून मात्र भाऊ विसरायला लागले. येताना कोथिंबीर घ्यायची आणि परतताना पुन्हा घ्यायची. एकाच सकाळी मला तीनदा विचारायचं, "बाई, मुलगा कुठं असते तुमचा?" मी तीनदा सांगायची. मायाबाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांचा स्वतःचा मुलगा यशदीप तर सरळच म्हणाला, "पापा, अब बस करो." त्यावर भाऊंनी घरात सांगून टाकलं, की ज्या दिवशी प्लग काढायचा विसरेन, त्या दिवशी काम सोडेन. मायाबाई मला म्हणाल्या, "तो दिवस यायच्या आधी सोडलं तं बरं न, बाई? नंतर हात कुठून आणाचा?"

गणपतीच्या मांडवासाठी मैदान साफ करायचं होतं, त्या दिवशीची गोष्ट. गवतात कुणी टाकलेल्या पोत्याची सुतळी मशीनच्या खाली गुंडाळली गेली. माझा चहा पिऊन भाऊ कामाला लागले. पुढची बाजू दोन विटांवर उचलून ते गुडघ्यांवर बसले आणि मनगटापर्यंत हात आत घातला. मी कप घरात ठेवून बाकावर येऊन बसले होते. मायाबाई पलीकडच्या नळावर बादली भरत होत्या.

तेवढ्यात आमचे शेजारी निरंजन आले. बगीच्याची व्यवस्था त्यांच्याकडे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. मशीन सुरू होत नाही म्हणून भाऊ वाकून बघताहेत, असं त्यांना वाटलं.

"अरे भैया, स्टार्ट नहीं हो रही क्या? लाइए, मैं देखता हूँ." आणि मी "अहो" म्हणेपर्यंत त्यांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढलीसुद्धा.

दोरी सुर्रकन बाहेर आली आणि परत गेली. बाकी काही झालं नाही. इंजिन गप्प होतं.

भाऊंनी हात हळूच बाहेर काढला. पाचही बोटं काळी, पण जागेवर. निरंजनचा चेहरा पांढरा पडला. "भैया, मैंने देखा ही नहीं कि हाथ अंदर है," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. भाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. ते छाती चाचपत होते. यशदीपने आणलेला नवा टी-शर्ट अंगात होता, त्याला खिसाच नव्हता. मग त्यांनी इंजिनकडे पाहिलं. प्लगच्या जागी रिकामं भोक.

मायाबाई धावत आल्या.

"माया, प्लग तू काढला?"

"मी काहून काढू?"

"मले तं काढल्याचं आठवून नाही राहिलं." ते गवतातच बसले. "तू काढला म्हणून वाचलो. संपलं माझं काम."

"मले पान्हा तरी फिरवता येते का? तुम्हीच काढला. माझ्या हातात देला, म्हणले सांभाळ, आज खिसा नाही."

"माझं मन राखून राहिली तू."

मायाबाईंनी ओले हात पुसले. पदराचं टोक सोडलं आणि त्यातली लाल पुरचुंडी त्यांच्या तळव्यावर ठेवली.

भाऊ पुरचुंडीकडे बघत राहिले. गाठीवरून अंगठा फिरवला, उलटी करून पाहिली. ती कारखान्यातली गाठ होती. मायाबाईंना ती आजवर बांधता आलेली नाही, सोडतानाही दात लावावे लागतात, हे मायाबाईंनीच मला हसत सांगितलं होतं.

"गाठ माझी हाय," ते म्हणाले.

"मग कोणाची राहीन?"

"म्हणजे काढला होता मी."

"हव. काढाचं नाही विसरले तुम्ही. काढल्याचं विसरले. त्यानं बोट नाही जात."

भाऊ हसले, आणि मायाबाई डोळ्यांना पदर लावून खाली बसल्या. मीही बाकावर जरा सैल टेकले. निरंजन बिचारे अजून उभेच होते. भाऊंनी त्यांनाच कामाला लावलं: "साहेब, ते चिमटं द्या इकडं."

सुतळी निघाली. भाऊंनी गवत कापायची झिजलेली दोरी काढून नवी घातली, दोन्ही टोकं सारखी ओढून पाहिली. वरचं लोखंडी झाकण हलतं का तेही पाहिलं. मशीन विटांवरून उतरवली, चष्मा लावला आणि मग गाठ सोडली. प्लग आधी नुसत्या बोटांनी बसवला, शेवटी पान्ह्याने आवळला. निरंजन स्वतःहून बरेच लांब जाऊन उभे राहिले.

"और पीछे, भैया," मायाबाई म्हणाल्या. ते आणखी मागे सरकले.

यशदीपने आणलेल्या टी-शर्टला आता छातीवर खिसा आहे, जुन्या शर्टाच्या कापडाचा, रंग न जुळणारा. तो रिकामाच असतो. प्लग काढला की भाऊ गाठ मारतात आणि नळाकडे हाक देतात. मायाबाई येतात, पुरचुंडी पदरात बांधतात आणि पुन्हा मोगऱ्याकडे वळतात. भाऊंकडे बघत उभ्या राहत नाहीत.